पक्का रंग : निळीच्या रांजणापासून सोलापुरी चादरीपर्यंत

हळदीचा डाग साबणाने लाल होतो. पण तोच ओला कपडा उन्हात टाकला की डाग हळूहळू नाहीसा होतो. आमच्या श्रीपुरात काय किंवा सोलापुरात काय, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. आजच्या धाग्याची सुरुवात तिथूनच, कारण रंग ‘जाणे’ ही एकच क्रिया नव्हे. उन्हाने विटणे वेगळे, पाण्यात सुटणे वेगळे, घासल्याने उतरणे आणखी वेगळे. हळद उन्हापुढे हरते. नीळ ऊन बऱ्यापैकी सोसते, पण घर्षणाने उतरते. नव्या जीन्सने निळे झालेले हात आठवा.

सोलापुरी चादरीला सर्वांत घातक ते सुटणे. तिचे सूत विणण्यापूर्वीच रंगवतात आणि जॅकार्ड मागावर वेगवेगळ्या रंगांचे धागे नक्षीत शेजारी बसतात. त्यांतला लाल कच्चा निघाला, तर पहिल्याच धुण्यात शेजारचे पांढरे गुलाबी होते.

ही अडचण चादरीपेक्षा जुनी आहे. सोलापूर भागात नीळ रंगवण्याचा व्यवसाय निराळी समाजाचा. नीळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसती कालवून सूत रंगत नाही. म्हणून दक्षिणेत ती चुन्याच्या पाण्यात गूळ किंवा टाकळ्याचे बी घालून आंबवत. आंबल्यावर ती विरघळते आणि तिचा निळेपणा जातो. त्यात बुडवलेले सूत बाहेर येते तेव्हा हिरवट-पिवळे असते; हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. धाग्यात शिरलेली नीळ तिथे पुन्हा अविद्राव्य होते, आणि मग पाणी तिला बाहेर काढू शकत नाही.

१८८४ साली जर्मनीत पाउल ब्यॉटिगर यांनी काँगो रेड शोधला. रांजण नको, तुरटी नको; मीठ घालून उकळले की सूत लाल! पण जो रंग पाण्यातून सहज आत जातो, तो सहज बाहेरही येतो. शिवाय आम्ल लागले की हा लाल निळा पडतो.

तरीही ‘विलायती तो कच्चा, देशी तो पक्का’ हे समीकरण मला मान्य नाही. हळद देशीच आहे. आणि १८६९ पासून प्रयोगशाळेत बनू लागलेले अलिझरीन हे युरोपीय मॅडरच्या मुळांतलेच द्रव्य होते. तुरटीच्या साह्याने ते तितकेच घट्ट बसे.

१९०१ मध्ये बीएएसएफ कंपनीतील रेने बोन निळीसारखे द्रव्य बनवू पाहत होते. हाती आला इंडँथ्रीन : ऊन आणि धुणे दोन्ही सोसणारा निळा. तोही अविद्राव्य, म्हणून पुन्हा जुनीच युक्ती. फक्त चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा आणि गुळाऐवजी रंगारी ज्याला ‘हायड्रो’ म्हणतात ते रसायन. या कुळातल्या रंगांना आजही व्हॅट रंग म्हणतात, आणि व्हॅट म्हणजे रांजणच.

आज प्रयोगशाळेत प्रकाशातील टिकाऊपणाला १ ते ८ आणि धुण्यातील टिकाऊपणाला १ ते ५ असे गुण देतात. धुण्याच्या चाचणीत रंगीत तुकड्याला पांढरे कापड शिवून दोन्ही एकत्र धुतात आणि पांढऱ्यावर किती डाग पडला ते पाहतात. चादरीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याने घासून पाहणारी आजी याहून फार वेगळे काही करत नसते.