बेताच्या ऐपतीचे ग्राफिक्स कार्ड: एका वस्तूचा पूर्वेतिहास

आपल्या हातांनी घरी पहिला संगणक जुळवू पाहणाऱ्या तरुणास ज्या एका भागाच्या निवडीत सर्वाधिक विवंचना पडते, तो भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. आणि गाठीची रक्कम बेताची असेल, तर दुकानदाराच्या दरपत्रकापेक्षा त्या वस्तूचा पूर्वेतिहासच त्याला अधिक उपयोगी पडेल, असे माझे निश्चित मत आहे.

१९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला, तेव्हा ग्राहकापुढे दोन कार्डे होती: एकावर अक्षरे सुबक उमटत, पण चित्र निघत नसे; दुसऱ्यावर रंगीत चित्र निघे, पण अक्षरे ओबडधोबड दिसत. हा पेच ज्यांनी सोडविला ते हर्क्युलिस कंपनीचे संस्थापक व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहावयाचा होता, आणि त्या गरजेतूनच १९८२ साली ७२० गुणिले ३४८ बिंदूंचे, ४९९ डॉलर किमतीचे एकरंगी कार्ड जन्मास आले. मराठी वाचकास हा प्रसंग परका वाटू नये. कारण आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेल्या आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेलेल्या संशोधनातून सिद्ध झालेले ‘जिस्ट’ कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसविले, की केवळ इंग्रजीसाठी रचलेल्या यंत्राच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागत. खेळांचे साधन म्हणून ज्याची आज ख्याती आहे, त्या वस्तूच्या आरंभकाळी लिपीचा प्रश्न असा ठळकपणे उभा होता.

त्रिमिती चित्रणाचे सामर्थ्य प्रथमतः सिलिकॉन ग्राफिक्ससारख्या कंपन्यांच्या महागड्या यंत्रांपुरतेच मर्यादित होते. परंतु १९९६ च्या सुमारास मेमरी चिपांचे भाव कोसळले, आणि त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आले. १९९९ साली एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ निघाले. याच काळात स्वस्त कार्डाचा एक शिरस्ता रूढ झाला, आणि तो आजतागायत चालू आहे: नामांकित कार्डाचेच नाव धारण करणारा, पण अंगोपांगांत काटछाट केलेला, कमी किमतीचा नमुना बाजारात आणावयाचा. टीएनटी२ या कार्डाचा मेमरीशी जोडणारा मार्ग १२८ बिटांचा होता, तर त्याच्या एम६४ या स्वस्त आवृत्तीत तो ६४ बिटांवर आणला गेला. विहीर तुडुंब भरलेली असली तरी मोट लहान असेल तर शेताला पाणी बेताचेच मिळावयाचे, तशी त्या चिपची अवस्था झाली. २००२ सालच्या जीफोर्स४ एमएक्स ४४० चे नाव चौथ्या पिढीचे, परंतु त्याच्या आदल्या वर्षी निघालेल्या जीफोर्स३ मध्ये असलेले पिक्सेल शेडर (प्रत्येक बिंदूचा रंग ठरविणारे घटक) त्यात नव्हतेच. २०१७ सालच्या जीटी १०३० ची जी आवृत्ती पुढील वर्षी निघाली, तिचे नाव तेच राहिले. मात्र जीडीडीआर५ ऐवजी डीडीआर४ मेमरी बसविल्यामुळे तिचा मेमरीवेग सेकंदाला ४८ गिगाबाइटांवरून १६.८ गिगाबाइटांवर उतरला.

मुंबईत या व्यापाराची पेठ म्हणजे ग्रँट रोड स्थानकानजीकचा लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाने लोकमुखी राहिलेल्या या रस्त्यास दप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या या बाजारात संगणकाचा व्यापार सहजच रुजला. १९९७ साली माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला, त्यानंतर अशा मालावरील आयातकर टप्प्याटप्प्याने उठत गेला, आणि ‘असेंबल्ड’ संगणक मध्यमवर्गीय घरांत पोहोचला.

बेताच्या किमतीत खरोखर सरस ठरलेल्या कार्डांचीही परंपरा आहे. २०१४ साली १४९ डॉलरला निघालेले जीटीएक्स ७५० टीआय केवळ ६० वॅट वीज घेई. स्लॉटमधूनच ७५ वॅट मिळत असल्याने वेगळी वायर जोडण्याची गरज त्याच्या मूळ नमुन्यास पडत नसे, आणि साध्या एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठा पेटीवर, नवशिक्याचा संगणक निर्वेध चालत असे. याउलट २०२०-२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या खननासाठी कार्डांची उचल झाल्याने टंचाई वाढली व भाव भडकले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाने खननाची गरज नसलेली पद्धती स्वीकारली, तेव्हा अहोरात्र राबलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली.

म्हणून पहिल्यांदाच संगणक जुळविणाऱ्या वाचकास माझी विनंती आहे की त्याने खोक्यावरील नावास भुलू नये. मेमरीचा प्रकार व मार्गाची रुंदी, कार्डास लागणारे वॅट व आपल्या एसएमपीएसची क्षमता यांचा तपशील ताडून पाहावा. जुने कार्ड घ्यावयाचे असल्यास ते स्वतःसमोर चालवून त्याची खातरजमा करावी. आणि कितीही सूट मिळो, वॉरंटीसह पक्के बिल घेतल्याविना दुकानाची पायरी उतरू नये.