प्रश्न कोणाला विचारला?



दारात वही घेऊन कोणी आलं की काय होतं, आठवून बघा. तो विचारतो, "काम काय करता?" घरधनी सांगतात, "मी शेती करतो." मग आपल्याकडे बघून म्हणतात, "ही काही करत नाही, घरीच असते." सकाळी पऱ्हे उपटून, दिवसभर चिखलात वाकून रोवणी केलेली बाईसुद्धा मान डोलावते. वहीत लिहिलं जातं, गृहिणी.

आज या वहीबद्दलच बोलू. गावांचा अभ्यास करायला माणसं कधीपासून येऊ लागली? त्यांनी कोणाला विचारलं? आणि त्यात आपण बाया कुठे होतो?

आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यात होतो. १८६० नंतर इंग्रज सरकारने इथल्या जमिनीचा बंदोबस्त केला. जमीन मोजली, सारा ठरवला आणि सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी दिली. सरकारचा प्रश्न साऱ्याचा होता, म्हणून विचारलं ते मालगुजाराला आणि पटवाऱ्याला. तलावही मालगुजाराच्या नावाने लागले. पाळीवर माती वाहणाऱ्या बायांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, तरी आपण आजही त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलावच म्हणतो. कागदावर पडलेलं नाव असं टिकतं.

पुढे १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार मोठे खंड छापले. गोंड, हलबा, कोहळी, पोवार, ढिवर, सगळे त्यात आहेत. लग्नाच्या रीती आहेत, बाळंतपणाच्या रीतीही आहेत. पण त्यासाठी बरीच माहिती पाठवली ती अधिकाऱ्यांनी आणि शाळामास्तरांनी. अख्ख्या जातीचा स्वभाव दोन ओळींत सांगून टाकण्याची खोडही त्या पुस्तकात आहे. आज ते वाचताना 'असं लिहिलंय' एवढंच म्हणायचं, 'असंच आहे' म्हणायचं नाही.

मग एक बाई या कामात आल्या. इरावती कर्वे. १९०५ सालचा जन्म, बर्लिनला जाऊन डॉक्टरेट, १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. त्या गावोगाव हिंडल्या आणि नातेसंबंधांबद्दल विचारत राहिल्या. सुनेने दिराला काय म्हणायचं? मामाची मुलगी करतात का? लेक किती लांब देतात? १९५३ साली त्यांचं नातेव्यवस्थेवरचं पुस्तक आलं. उत्तरेकडे लेक परक्या गावात, अनोळखी घरात जाते. दक्षिणेत ती पुष्कळदा मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला. आपल्याकडच्या गोंडांतला 'दूध लौटावा' आठवा. सासरी ओळखीचं माणूस असणं आणि नसणं, यात नव्या सुनेसाठी केवढा फरक! आपण घरगुती म्हणून सोडून देतो त्या गोष्टींतूनच त्यांनी समाजाची घडण वाचली.

प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला काही शब्द जोडले गेले. शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमजुरीने केलेलं कामही धरा, असा त्यांचा अर्थ. बायांचं काम मोजलं जावं म्हणून अभ्यासक आणि महिला संघटनांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पुढे २०१९ साली देशभर वेळेची पाहणी झाली. चोवीस तासांत कोण काय करतं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतलं. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. म्हणजे पाच तास आणि दीड तास. 'काही करत नाही' याचं हे उत्तर.

पण दरवेळी बाहेरच्यानेच का यावं? शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने आपले अभ्यास गट केले. लोकांनीच जंगलाचा, कायद्याचा अभ्यास केला आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेतले. २००९ साली त्यांच्या जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला.

आपला बचत गटही हे करू शकतो. पुढच्या बैठकीला अंगणात दोन गोल काढा, एक बाईच्या दिवसाचा, एक पुरुषाच्या. एका तासाला एक असे खडे मांडा. मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीकडे जा. बोडीत पूर्वी काय मिळायचं, मोहफुलं वेचायला कुठवर जायच्या, रोवणीची मजुरी काय होती, ते विचारा. तिला साल आठवणार नाही. मोठा पूर आला त्याआधी की नंतर, थोरल्या लेकाच्या जन्माआधी की नंतर, असं विचारा, साल सापडतं. तीच गोष्ट दुसऱ्या आजीला वेगळं बसून विचारा. दोघींचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. तिचेच शब्द लिहा, तिला वाचून दाखवा, आणि ती 'हे नको' म्हणाली तर खोडा. वस्तीतलं एकही टोक सुटू देऊ नका. नाहीतर आपणही त्या जुन्या साहेबासारखंच करू, मोठ्या घरी विचारू आणि परत येऊ.

आणि उद्या दारात वहीवाला आला, तर पुढे होऊन स्वतः सांगा, "लिहा, मी शेती करते."