दोनदा बहरणारी आयरिस : ‘इमॉर्टॅलिटी’

केशराच्या कुळातील आयरिस ही समशीतोष्ण प्रदेशांतील बागांची लाडकी वनस्पती होय. फुलांतील विविध रंगछटांमुळे तिला इंद्रधनुष्याच्या ग्रीक देवतेचे नाव लाभले. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या आणि झुकलेल्या पाकळ्यांवर मऊ केसांची ‘दाढी’, ही दाढीवाल्या आयरिसची ओळख. फुलांचा दांडा ७० सेंटिमीटरहून उंच असल्यास ती ‘उंच’ गटात मोडते. मात्र वसंतातील काही आठवड्यांचा बहर ओसरला, की वाफ्यात केवळ तलवारीसारखी पाने उरतात.

ही उणीव भरून काढणाऱ्या जातींमध्ये ‘इमॉर्टॅलिटी’ अर्थात ‘अमरत्व’ ही जात विशेष प्रसिद्ध आहे. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात संगीताचे अध्यापन करणारे लॉइड झुरब्रिग यांनी ती संकरातून निर्माण केली. तिची नोंद १९८२ मध्ये झाली. उंची सुमारे ७६ सेंटिमीटर, फुले शुभ्र व सुगंधी, पाकळ्यांच्या कडा लहरदार. वसंतात फुलून ती उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात पुन्हा फुलते.

या दुसऱ्या बहराचे मर्म जमिनीत आहे. आयरिसचा गड्डा आल्या-हळदीप्रमाणे आडवा वाढतो. एकदा फुललेला गड्डा पुन्हा कधीच फुलत नाही. त्याच्या बगलेतून फुटणारे नवे गड्डे पुढचा बहर देतात. साधारण जातींत या पिल्लांना पक्व होण्यास पुढचा वसंत उजाडावा लागतो. ‘इमॉर्टॅलिटी’ची पिल्ले त्याच हंगामात पक्व होतात.

म्हणूनच दुसरा बहर निगेवर अवलंबून असतो. पहिली फुले सरताच दांडे बुडापासून कापावेत. उन्हाळ्यात इतर आयरिस कोरड्या ठेवल्या तरी चालतात. हिला मात्र नियमित पाणी आणि नत्र कमी असलेले खत हवे. नत्र जास्त झाल्यास पाने माजतात व गड्डा सडू लागतो. किमान सहा तास ऊन, पाण्याचा उत्तम निचरा आणि गड्ड्याची पाठ मातीबाहेर, ही त्रिसूत्री पाळावी. पिल्लांची गर्दी लवकर होत असल्याने दोन-तीन वर्षांनी गड्डे वेगळे करून लावावेत. इतके करूनही कडाक्याची थंडी लवकर पडल्यास कळ्या करपतात. हिमतुषाराची चाहूल लागताच कळ्यांचे दांडे कापून फुलदाणीत ठेवले, तर फुले घरात उमलतात.

महाराष्ट्रातील बागप्रेमींनी आकर्षक छायाचित्रे पाहून गड्डे मागविण्यापूर्वी हवामानाचा विचार करावा. बहरासाठी या वनस्पतीला हिवाळ्यातील थंडी लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फुलांची आशा धरता येत नाही आणि पावसाळ्यात गड्डे सडण्याची भीती असते. काश्मीरसारख्या थंड प्रदेशात मात्र आयरिस चांगली रुजते.