जलनेती

जलनेती : कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची क्रिया. सायनस चोंदल्यावरच्या घरगुती उपायांत हिचाच आधार सर्वांत भक्कम आहे. सायनस, म्हणजे गालफडांतील व कपाळातील पोकळ्या, अरुंद छिद्रांनी नाकात उघडतात. अस्तर सुजले की ती बुजतात आणि स्राव साचतो. नेतीपात्रातील पाणी एका नाकपुडीतून शिरून दुसरीतून बाहेर पडताना घट्ट शेंबूड, धूळ व परागकण वाहून नेते. याउलट, दुसरा घरगुती उपाय असलेल्या मेंथॉलने केवळ थंडावा जाणवतो, हवेची वाट रुंदावत नाही. इंग्लंडमध्ये जुनाट त्रासाच्या रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नाक धुण्याचा माफक लाभ दिसला. त्याच चाचणीत वाफाऱ्याने डोकेदुखी कमी झाली, चोंदलेपणा नाही.

ही क्रिया प्राचीन म्हणून गुणकारी, हा युक्तिवाद लंगडा आहे; हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथातील नेती तर पाण्याची नसून सुताची आहे. धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाच्या संसर्गाने दगावले. हा अमीबा पाण्यावाटे पोटात गेल्यास अपाय करत नाही, नाकातून मात्र मेंदूपर्यंत पोहोचतो. म्हणून दोष क्रियेचा नसून पाण्याचा आहे : ते उकळून कोमट केलेले असावे, लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ घालावे आणि पात्र धुऊन कोरडे ठेवावे. डोळ्याभोवती सूज, तीव्र ताप किंवा दहा दिवसांहून अधिक त्रास असल्यास डॉक्टरांकडे जावे.