महाडचा विंचू कसा उतरला

आपल्या भाषेत विष चढते आणि उतरते. ताप चढतो, राग चढतो, तसाच विंचूही चढतो. आणि तो उतरविणाऱ्याला गावात मान असतो. हे शब्द ज्यांनी रूढ केले त्यांना पेशींचे शास्त्र ठाऊक नव्हते. तथापि शरीराच्या कारभारातील एक मोठे सूत्र त्यांच्या बोलण्यात सहज येऊन गेले आहे. त्या सूत्राची हकीकत आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलखाशी जोडलेली आहे, म्हणून ती येथे सांगावयाची.

सावित्रीच्या खोऱ्यातील हा मुलूख भातशेतीचा. पेंढ्याचे भारे, सरपणाचे ढीग, भिंतींच्या फटी ही लाल विंचवाची घरे. मोठी काळी इंगळी दिसावयाला भयंकर. परंतु जीव घेणारा तो हा लहानसा लाल विंचूच. दंश झाला की मांत्रिकाला बोलावणे जाई. बहुतेक माणसे आपोआप बरी होत, आणि मंत्राची कीर्ती वाढे. काहींचे मात्र हातपाय गार पडत, अंग घामाने भिजे, ओकाऱ्या होत, आणि काही तासांत तोंडाला गुलाबी फेस येऊन धडधाकट मूल डोळ्यांदेखत जाई.

1976 साली जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव त्या वेळी कुलाबा होते. मोठी उपकरणे हाताशी नव्हती; होते ते डोळे, कान, नाडीवरची बोटे आणि रात्रभर खाटेशी बसण्याची तयारी. त्यांनी प्रत्येक रोग्याची टिपणे ठेवली, आणि मृत्यूचे कारण हृदय व रक्ताभिसरण यांत आहे हे ओळखले. 1982 साली त्यांची निरीक्षणे लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी दंशाच्या रोग्यांना दिली, आणि तिचा गुण 1986 साली त्याच नियतकालिकात जाहीर झाला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरांत सुमारे तीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले.

त्या गोळीने नेमके काय केले? हे समजावयाचे तर थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. 1940 नंतरच्या वर्षांत सेंट लुई येथे कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला स्नायूंमध्ये एक एन्झाइम सापडले. ते दुसऱ्या एका कामसू एन्झाइमला सुस्त करीत असे. पण कसे, ते कळेना. 1955 साली सिअॅटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी उलगडा केला. प्रथिनावर फॉस्फेटचा लहानसा कण चढविला की ते कामाला लागते आणि कण उतरविला की थांबते. कोरींच्या हाती लागलेला होता तो उतरविणारा, म्हणजे फॉस्फेटेज. गंमत अशी की चढविणाऱ्याच्या, म्हणजे कायनेजच्या, आधी उतरविणारा सापडला होता. फक्त त्याची ओळख पटली नव्हती. या शोधाबद्दल फिशर व क्रेब्ज यांना 1992 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुन्हा महाडच्या खाटेशी येऊ. विंचवाचे विष मज्जातंतूंची सोडियमची दारे उघडी ठेवते, आणि अॅड्रिनॅलिनसारख्या रसांचा पूर लोटतो. हे रस रक्तवाहिनीच्या स्नायूपेशींच्या दारावर थाप देतात. आत कॅल्शियम वाढते, कायनेज जागे होते, मायोसिनवर फॉस्फेट चढतो, आणि वाहिनी आवळली जाते. इतकेच नव्हे, तर त्याच हाकेने तेथील फॉस्फेटेजचे हातही बांधले जातात. चढविणारा मोकाट, उतरविणारा जखडलेला! आवळलेल्या वाहिन्यांशी झुंजून हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन त्या दाराशीच आडवे उभे राहते. हाक आत पोचत नाही, कॅल्शियम ओसरते, फॉस्फेटेज मोकळे होऊन फॉस्फेट उतरविते, आणि वाहिनी सैल पडते. गोळीने फक्त वाट मोकळी केली. विंचू उतरविला तो शरीरातल्याच कामकऱ्याने.

हा कामकरी स्नायूंतच असतो असे नाही. पेशी एकमेकींना व आपल्या बैठकीला धरून असतात, तेथेही फॉस्फेट चढत-उतरत असतो. जखम भरताना पेशीला सरकावयाचे असते. घाट चढणाऱ्या वाटसरूप्रमाणे तिला पुढे पाय रोवावा लागतो आणि मागचा सोडवावाही लागतो. हे रोवणे-सोडविणे ज्यांच्या हाती असते, त्यांत टायरोसीन फॉस्फेटेजेस आहेत. व्हॅनेडेट नावाच्या क्षाराने हे एन्झाइम अडते, असे 1982 साली अमेरिकेत घनश्याम स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले; स्वरूप पुढे हैदराबादच्या पेशीविज्ञान संस्थेत याच विषयावर काम करीत राहिले. हा तोल सुटला की पेशी भलतीकडे भटकू लागतात. कर्करोग पसरण्याच्या कारणांत त्याचाही वाटा असतो.

2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने बावस्कर दांपत्याचा आणखी एक प्रयोग छापला. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषाची लस दिलेल्या 35 रोग्यांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसती गोळी घेतलेल्या 35 पैकी 8. लस विषाला गाठते, गोळी त्याची हाक अडविते, आणि उरलेले काम शरीर करते. 2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

दंश झाला तर आजही पहिली धाव दवाखान्याकडेच असावी, कारण वेळ थोडा असतो. आपण जगात चढविणाऱ्यांचे पोवाडे गातो. जो वेळेवर उतरवितो, सैल करतो, थांबवितो, त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. महाडच्या कितीतरी घरांत आज दिवाळीला पणत्या लावणारी जी माणसे आहेत, ती अशाच एका उतरविणाऱ्याच्या कृपेने आहेत.