व्हिटबीची मठाध्यक्षा हिल्डा

हिल्डाचा जन्म इ. स. ६१४ चा. उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याच्या पुतण्याची ती कन्या. पिता परागंदा असतानाच विषप्रयोगाला बळी पडला. ६२७ मध्ये राजाबरोबर तिनेही ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तेहेतिसाव्या वर्षी ती संन्यासिनी होण्यासाठी गॉलला निघाली होती; बिशप एडनने तिला मागे बोलावले. हार्टलपूलचा मठ सांभाळल्यावर ६५७ मध्ये तिने व्हिटबीचा मठ उभारला. तेथे स्त्रिया आणि पुरुष दोघेही राहत; सत्ता मात्र तिची. राजे तिचा सल्ला घेत, पाच बिशप तिच्या मठात घडले आणि लोक तिला ‘आई’ म्हणत.

ईस्टरची तिथी ठरविण्यासाठी ६६४ मध्ये धर्मसभा भरली, ती याच मठात. हिल्डा आयरिश परंपरेच्या बाजूची. राजा ऑस्विऊने कौल दिला रोमला. हा वृत्तांत लिहिणारा बीड स्वतः रोमपक्षीय होता, तरी त्याने तिची थोरवी मुक्तकंठाने गायिली, हे मला विशेष वाटते.

परंतु भाषेचा अध्यापक म्हणून मी रेंगाळतो तो केडमनपाशी. मठातला हा गुराखी मेजवानीत वीणा आपल्याकडे येताना दिसली की लाजून उठून जाई. एके रात्री स्वप्नात त्याला सृष्टिकर्त्याचे स्तवन स्फुरले. कारभाऱ्याने त्याला मठाध्यक्षेपुढे उभे केले. लॅटिनच्या त्या जगात गुराख्याच्या बोलीला हसून वाटेला लावणे किती सोपे होते! तिने विद्वान बोलाविले, परीक्षा घेतली, दुसरा विषय देऊन पद्य रचविले. मग त्याला मठात घेऊन धर्मकथा शिकविण्याची आज्ञा केली. त्या कथा त्याने मातृभाषेत गायिल्या. बीड येथे तिचे नाव घेत नाही, नुसते ‘मठाध्यक्षा’ म्हणतो. काळ जुळतो म्हणून ती हिल्डाच मानतात.

अखेरची सहा वर्षे ज्वराने पोखरली, तरी तिचे अध्यापन थांबले नाही. १७ नोव्हेंबर ६८० रोजी ती निवर्तली.

बीडने ७३१ च्या आपल्या ग्रंथात केडमनच्या स्तवनाचा केवळ लॅटिन भावार्थ दिला. काव्य दुसऱ्या भाषेत नेताना त्याचे सौंदर्य उणावते, अशी कबुलीही दिली. पुढे आठव्या शतकातच त्या ग्रंथाच्या एका नकलेत कोणी लेखनिकाने मूळ इंग्रजी ओळी पानाच्या तळाशी उतरवून ठेवल्या. त्या नऊच आहेत.