चिंचवडचा नळ आणि रत्नागिरीची अभिक्रिया

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासात मोटारींचे व यंत्रांचे वर्णन विपुल आढळते. प्लास्टिकचा उल्लेख मात्र ओझरताच होतो. वस्तुतः प्रल्हाद छाब्रिया यांच्या फिनोलेक्सने १९५८ साली पुण्यात पीव्हीसीच्या वेष्टनाच्या तारा करावयास आरंभ केला, आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या फिनोलेक्स इंडस्ट्रीजने चिंचवड परिसरात नळ काढले. परंतु त्यांना लागणारे पीव्हीसीचे चूर्ण करण्याचा तिचा कारखाना १९९४ साली रत्नागिरीजवळ रणपार-गोळप येथे उभा राहिला. कच्चा माल जहाजाने यावयाचा असल्याने समुद्रकाठ अपरिहार्य होता.

या दोन ठिकाणच्या नियंत्रणाचे स्वरूप भिन्न आहे. नळाची जाडी चुकली तर ती मापता येते. नळ दळून पुन्हा वापरता येतो. बंद पात्रातील बहुवारिकीकरणास अशी सवलत नाही. व्हिनिल क्लोराइडच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे १६०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि तापमान एक-दोन अंशांनी ढळले तरी रेणुसाखळीची लांबी बदलते. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत अभिक्रिया पुढे गेलेली असते. म्हणून थंड पाण्याचा प्रवाह व त्याची तापमानवाढ यांवरून निघालेली उष्णता मोजावयाची आणि तीवरून अभिक्रिया किती झाली हे ताडावयाचे, ही पद्धत रूढ झाली. द्रवरूप व्हिनिल क्लोराइड संपत आले की दाब उतरू लागतो. तीच समाप्तीची खूण.

१९७५ साली हनीवेल व योकोगावा यांच्या वितरित नियंत्रण-प्रणाली बाजारात आल्या, आणि त्यांमुळेच हे क्षेत्र पालटले असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे वाटते. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथील कारखान्याच्या कामगारांना यकृताचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचे उघड झाले. हे कामगार पात्रांत उतरून भिंतींवरील थर खरवडीत. पुढील वर्षी तेथे कामाच्या जागेच्या हवेत व्हिनिल क्लोराइडची दशलक्षात एक भाग ही मर्यादा लागू झाली. पात्रे बंद ठेवणे, पाण्याच्या झोताने धुणे, उरलेला वायू चूर्णातून काढून घेणे या गोष्टी तेव्हापासून सक्तीच्या झाल्या. माणूस दूर गेला म्हणून मापन-साधने जवळ आली.

त्याचा चिंचवडशी संबंध दूरचा नाही. चूर्णात राहिलेले व्हिनिल क्लोराइड तापलेल्या एक्स्ट्रूडरमध्ये बाहेर पडते आणि नळ काढणाऱ्याच्या श्वासात मिसळते.